पहाटं पिकअप चालूच होईना – हिटर प्लग, अर्थिंग आणि डिझेल पाईप, एक हिवाळा-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी बीएस फोर, चार सिलेंडर, कॉमन रेल डिझेल (म्हणजे रेल नावाच्या एकाच नळीत प्रेशरनं डिझेल भरून तिथून सगळ्या सिलेंडरला देणारी), सेकंडहँड घेतलेली. काम एकच, शेतातल्या आखाड्यावरून मेथी-कोथिंबीर-वांगे भरायचे आणि उजाडायच्या आत परभणीच्या मार्केटला टाकायचे. आता परभणीची थंडी ज्यानं काढली त्यालाच माहीत, कृषी विद्यापीठातलं तापमान पेपरात एक आकडी यायला लागलं की आमची गाडी रुसायची. सेल्फ मारला की नुसतं घर्र घर्र, लै वेळानं एकदाची पेटायची आणि पेटली की सगळी केबिन थरथर, मागून पांढरा धूर, त्याला कच्च्या डिझेलचा डोळे झोंबणारा वास. दोन-चार मिनिटांनी थरथर-धूर एकदम बंद. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फवर चालू.

मिस्त्री म्हणला नोजल (सिलेंडरमधी डिझेल फवारणारे) गेले, चारही काढावे लागतील. खर्च ऐकून मी म्हणलं थांब. नोजल जास्त रिटर्न मारत असले, म्हणजे डिझेल न फवारता परत सोडत असले, तर गरम गाडीला पण त्रास व्हायला पाहिजे ना, उलट जास्तच, कारण तापलं की डिझेल पातळ होतं. आपली तर गरम असताना सोन्यासारखी चालू होते. म्हणून आधी मोजायचं ठरवलं, आणि त्यासाठी साधा स्वस्तातला मल्टिमीटर पुरला.

पहिले हिटर प्लग, म्हणजे थंडीत सिलेंडर आतून तापवणारे. वरची पट्टी सोडली, मीटर ओहमवर 200 च्या रेंजला लावून एक टोक प्लगच्या शेंड्याला, दुसरं इंजिनच्या बॉडीला. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. दोन तसे निघाले, बाकीचे दोन काहीच दाखवेनात, म्हणजे आतली कॉईल तुटलेली. पेटल्यानंतरची थरथर आणि धूर कशामुळं ते इथंच कळलं, दोन सिलेंडर थंडच राहायचे, त्यात पडलेलं डिझेल नीट जळायचं नाही आणि तसंच बाहेर यायचं. चारही नवीन टाकले. काढताना इंजिन गरम पाहिजे आणि आट्यात गंज सोडवायचं तेल सोडून थोडं मागं-पुढं करत काढायचे, जोर केला आन प्लग हेडमधी तुटला तर नोजलपेक्षा मोठं बिल येतं.

थरथर गेली, धूर गेला, पण घर्र घर्र काही कमी होईना. खरं डोकं लावावं लागलं ते इथं. आपल्याकडच्या थंडीत कॉमन रेल गाडी हिटरशिवाय पण रडतखडत का होईना पेटते, म्हणजे एवढा वेळ सेल्फ मारावा लागायचं कारण वेगळं होतं. बॅटरी रात्रभर उभी राहून 12.5 व्होल्ट दाखवायची, म्हणजे ठीक. मग पोराला सेल्फ मारायला लावला आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला धरलं. तिथं जास्तीत जास्त पाव व्होल्ट दिसायला पाहिजे, माझ्याकडं एक व्होल्टच्या वर! अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीच्या मायनसची जोडणी, चेसीला जिथं बोल्टनं आवळलेली होती तिथं खाली हिरवट बुरशी आणि रंग. पॉलिश पेपरनं घासून पांढरं केलं, बोल्ट नवीन टाकला, इंजिन लगेच जोरात फिरायला लागलं. खर्च जवळपास शून्य.

तरी पहिला सेल्फ वाया जायचाच. मग एका पहाटं सेल्फ मारायच्या आधी डिझेल फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला, तर गाडी झटक्यात चालू. म्हणजे रात्रीतून डिझेल टाकीकडं उतरून जात होतं. रसाच्या नळीला भोक पडलं की रस वर येत नाही, नुसती हवा येती, तसंच. रेलमधी ठराविक प्रेशर झाल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर नोजल उघडतच नाही आणि एअर असली की प्रेशर लवकर होत नाही. फिल्टर आणि पंपाच्या मधी थोडा पारदर्शक डिझेल पाईप टाकून बघितला तर बारीक बुडबुड्यांची माळ चाललेली. बाहेर डिझेलचा एक थेंब गळत नव्हता, म्हणून कोणाला दिसलं नाही, तिथं आत हवा ओढली जाती. फिल्टरचं रबरी सील चपटं झालेलं होतं आणि पलीकडच्या पाईपाला क्लिपपाशी चिरा. दोन्ही बदलले.

त्यानंतर डिसेंबर-जानेवारी पूर्ण गेला. हिटरची लाईट विझेपर्यंत थांबायचं, सेल्फ मारायचा, विषय संपला. उन्हाळ्यात तर हिटरचं काम नसतंच, पण एअरचा त्रास एप्रिल-मेमधी पण आला नाही, ते दुखणं थंडीचं नव्हतंच, सील-पाईपाचं होतं, थंडीत फक्त जास्त दिसायचं.

मोबाईलला जोडायचा स्कॅनर पण घेतला होता, त्याचं मत सांगतो, ठीकठाक. हिटर प्लगचा कोड माझ्या गाडीत आलाच नाही, अर्थिंग तर त्याला कळणारच नाही. उपयोग झाला तो सेल्फ मारताना रेलचं प्रेशर कसं चढतं ते बघायला, आणि इंजिनच्या पाण्याचा सेन्सर सकाळी खरं तापमान दाखवतो का तेवढं तपासायला, कारण तो खोटं गरम दाखवत असला तर कॉम्प्युटर हिटरच देत नाही.

अजून एक, गावाकडं एअर फिल्टरच्या तोंडाला पेट्रोलचा बोळा धरायची सवय आहे. हिटर प्लगवाल्या गाडीला हे अजिबात करू नका, लाल झालेल्या प्लगवर पेट्रोलची वाफ गेली की आत भडका होतो, पिस्टन फुटू शकतो.

बाकी कोणी नोजल बदला म्हणलंच तर आधी रिटर्नच्या पाईपांना चार सारख्या बाटल्या लावून कोणता किती सोडतो ते मिस्त्रीला समोर दाखवायला लावा, नाही म्हणला तर गाडी दुसऱ्याकडं न्या.