दसऱ्याचा झेंडू: पूर्ण रासायनिक डोस, नुसतं गांडूळ खत की समृद्ध गांडूळ खत?

दसऱ्याच्या झेंडूची लागवड तोंडावर आली की खताच्या तीन वाटा समोर असतात. नेहमीसारखा पूर्ण रासायनिक डोस, रासायनिक बंद करून नुसतं गांडूळ खत, किंवा खनिज आणि उपयोगी जिवाणू मिसळून समृद्ध केलेलं गांडूळ खत देऊन रासायनिक डोस कमी करणं. पावसाळी झेंडूला मी तिसरी वाट सांगेन, पण खत घरच्या शेणावर तयार होत असेल तरच.

आधी पैशाचं बघू. झेंडूला सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ७५ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ७५ किलो पालाश (पोटॅश) अशी आहे, शेणखत वेगळं. म्हणजे एकरी ४०:३०:३०. हे भागवायला ६५ किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत), ६० किलोच्या आसपास युरिया आणि पोटॅशची एक बॅग लागते. अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची बॅग १,३५० रुपयांना मिळते, त्या भावाने नत्र-स्फुरदाचा खर्च दोन-सव्वादोन हजारांत बसतो. आता गांडूळ खत किलोला आठ रुपये धरलं तरी टनाला ८,००० रुपये झाले, आणि १ टक्का नत्राच्या हिशोबाने त्या टनात नत्र भरतं १० किलो. तेवढं नत्र अर्ध्या बॅग युरियात मिळतं. खताची बचत म्हणून कुणी विकतचं गांडूळ खत सुचवत असेल, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

मग रासायनिकच का देऊ नये? पावसाळ्यात युरियाचं बरंच नत्र पाण्याबरोबर खाली जातं, पाणी साचलेल्या भारी रानात ते हवेत उडून जातं. पीक पिवळं दिसलं म्हणून आपण पुन्हा युरिया टाकतो, आणि उघडीप मिळाली की झाड नुसतं पाल्यावर जातं. उंच, लुसलुशीत झाड वाऱ्यात लोळतं, मावा-तुडतुडे वाढतात आणि कळी उशिरा धरते. इतर पिकात आठ दिवसांचा उशीर चालतो. दसरा उलटल्यावर तोडलेल्या फुलाचं पुण्याच्या गुलटेकडी बाजारात काय होतं, हे झेंडूवाल्याला सांगायला नको.

स्फुरदाचं दुखणं वेगळं आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत डीएपीतला स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि मुळांना थोडाच मिळतो. स्वस्तातलं रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाच्या खडकाची भुकटी, तर अशा जमिनीत थेट टाकून जवळपास विरघळतच नाही, ते कोकणातल्या आम्ल जमिनीला बरं. पण तेच रॉक फॉस्फेट शेण कुजताना मिसळलं, तर कुजण्यातली सेंद्रिय आम्लं आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू त्यातला काही भाग मोकळा करतात. म्हणून समृद्ध गांडूळ खताच्या जोरावर आधी स्फुरद कमी करावा, नत्राला हात जपून लावावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

नुसत्या गांडूळ खतावर एकराचा झेंडू घेण्याच्या मी विरोधात आहे. ४० किलो नत्रासाठी ४ टन खत हवं, आणि त्यातलंही सगळं नत्र एकाच हंगामात सुटत नाही. परसबागेला आणि कुंड्यांना मात्र तेवढं पुरतं.

खत समृद्ध कसं करायचं, ते नीट बघा. शेण पंधरा-वीस दिवस अर्धवट कुजवून थंड करा, कारण ताज्या शेणाच्या उष्णतेने गांडुळं मरतात. त्याच वेळी टनाला ५० ते १०० किलो रॉक फॉस्फेट मिसळा. सावलीत बेड भरून आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं सोडा. दीड-दोन महिन्यांत चहाच्या पत्तीसारखं खत झालं की पाणी तोडा, ढीग करा, गांडुळं खाली जातात. वरचं खत काढून त्यात टनामागे हवेतलं नत्र धरणारं अ‍ॅझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) प्रत्येकी एक-दोन किलो मिसळायचं, वर ओलं पोतं टाकून दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवायचं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी सुटू नये, एवढीच ओल. निंबोळी पेंड घालायची असेल तर तीही याच वेळी. हे जिवाणू आणि बुरशी जिवंत असतात, त्यामुळे असं खत आणि रासायनिक खत एकत्र कालवून टाकू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यातून मुळाशी ओतलं, तर ट्रायकोडर्मावरचा खर्च वाया गेला समजा.

बेडचा ढीग तापत नसल्यामुळे शेणातलं तणाचं बी मरेलच असं नाही. पहिल्या वर्षी एक खुरपणी जास्त धरा.

विकत घ्यायचंच असेल तर पिशवीवरचं विश्लेषण वाचा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळ खतात किमान १ टक्का नत्र, किमान १८ टक्के सेंद्रिय कर्ब आणि १५ ते २५ टक्के ओलावा हवा. मूठभर खत पाण्याच्या ग्लासात ढवळा. तळाला वाळूचा जाड थर बसला, तर तुम्ही मातीचे पैसे मोजताय.

माझा डोस असा राहील: एकरी एक टन समृद्ध खत लागवडीच्या वेळी सरीत, स्फुरद निम्मा, नत्र पाऊण. नत्रातली कपात लागवडीच्या हप्त्यात करायची, महिन्याने द्यायचा हप्ता पूर्ण ठेवायचा, कारण कळी धरायला तोच लागतो. पालाश माती परीक्षणावर ठरवा. हे पावसाळी पिकाचं झालं. थंडीत जमीन गार असते, जिवाणू मंदावतात आणि सेंद्रिय नत्र हळू सुटतं, म्हणून हिवाळी झेंडूला आणि शेवंतीला पहिल्या वर्षी नत्र कापू नका. पॉलीहाऊसमधल्या जरबेऱ्याला तर गांडूळ खताचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासल्याशिवाय बेडवर टाकूच नका, त्याला किंचित आम्ल माती लागते.

चार सऱ्या पूर्ण रासायनिक डोसवर सोडा, शेजारच्या चार समृद्ध खतावर. दोन्हींचा प्रत्येक तोडा वेगळा वजन करून वहीत लिहा, पहिली कळी कोणत्या तारखेला दिसली तेही लिहा. पुढच्या वर्षीचा डोस त्या वहीवरून ठरवा.