अक्षरांचा हिरवा-जांभळा काठ: ॲपल टू प्लस, आठ महिन्यांनंतर

गेल्या शनिवारी दुपारी अभ्यासाच्या खोलीतून जळका वास आला. धावत गेलो तर ॲपलच्या डाव्या बाजूच्या फटींतून पांढरा धूर निघत होता आणि टीव्हीवर मुलीचा प्रोग्रॅम काही झालंच नाही अशा थाटात चालू होता. पिन ओढली, खिडक्या उघडल्या, तासभर कुणाला खोलीत फिरकू दिलं नाही. वर्षभर वापरून मग लिहायचं असं ठरवलं होतं, पण धुरानंतर फोनवर जे ऐकावं लागलं त्यामुळे आजच लिहायला बसलो.

यंत्र कोणतं ते सांगतो. ॲपल टू प्लस, ॲपल कंपनीचा १९७९ चा घरगुती संगणक, ४८ के (किलोबाइट) मेमरी, डिस्क टू नावाचा एक फ्लॉपी ड्राइव्ह. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळच्या एका जुन्या बाजारात ३४० डॉलरला घेतलं. ६५०२ प्रोसेसर, एक मेगाहर्ट्झ, ओळीला ४० अक्षरं, आठ स्लॉट वगैरे वाचकांना ठाऊक असेल, ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते रंगांबद्दल, त्यातही स्क्रीनच्या खालच्या चार ओळींबद्दल.

ग्राफिक्सचा मोड लावला की वर चित्र आणि खाली मजकुराच्या चार ओळी राहतात. त्या चार ओळींतल्या प्रत्येक अक्षराला हिरवा आणि जांभळा काठ येतो. नुसत्या मजकुराच्या मोडमध्ये अक्षरं पांढरीशुभ्र, आणि चित्र सुरू केलं की तीच अक्षरं काठपदराची. पहिल्या दिवशीच ते डोळ्यांत खुपलं. वाटलं, विकणाऱ्याने फसवलं.

पहिले तीन महिने मी या काठाच्या मागे होतो. केबल बदलली, ११ डॉलर. टीव्हीसाठी कन्व्हर्टर आणला, २६ डॉलर. त्याने काठ तर गेला नाहीच, उलट चित्राच्या कडा धुरकट झाल्या. मग रस्त्याच्या कडेला कुणीतरी 'फुकट न्या' अशी पाटी लावून ठेवलेला १३ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही उचलून आणला. रंग एकदम जिवंत झाले, पण काठही अधिकच ठसठशीत दिसायला लागला. शेवटी एका दुरुस्तीवाल्याकडे यंत्र नेलं. त्याने तपासणीचे ४५ डॉलर घेतले आणि सांगितलं, "व्हिडिओचा भाग गेलाय, बोर्ड बदलावा लागेल, २२० डॉलर." त्या दिवशी हे कुणी मला विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं, घेऊ नका.

माझं मत बदललं ते मुलीमुळे. ती सातवीत आहे. एका संध्याकाळी खालच्या ओळीत तिने इंग्रजी 'आय' हे अक्षर दाबून ठेवलं, ओळभर आय. मग म्हणाली, "बाबा, हे बघा, एक जांभळा, एक हिरवा, एक जांभळा, एक हिरवा." खरंच, एकाआड एक. चाळिसाव्या अक्षरापर्यंत क्रम कुठेही चुकला नाही. बिघाड असा शिस्तीत चालत नाही. मग यंत्राचं संदर्भपुस्तक उघडलं. ॲपलने त्या काळी ग्राहकांच्या हाती पूर्ण सर्किटचा नकाशा दिला होता, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तितके थोडे. तो नकाशा टेबलावर पसरून पंधरा दिवस रोज रात्री तासभर बसलो.

जे समजलं ते असं. अमेरिकेतल्या टीव्हीच्या सिग्नलमध्ये उजेड-अंधाराची माहिती एका लहरीत असते आणि रंग तिच्यावर स्वार झालेल्या दुसऱ्या, बारीक लहरीत. या बारीक लहरीची गती ३.५८ मेगाहर्ट्झ. ती किती पुढेमागे सरकली आहे त्यावरून टीव्ही रंग ठरवतो. त्या काळी रंगीत चित्र काढायचं तर ही लहर तयार करण्यासाठी वेगळं सर्किट लागे, आणि ते स्वस्त नव्हतं. ॲपलचा सहसंस्थापक आणि या यंत्राचा जनक स्टीव्ह वॉझ्नियाक, त्याने ते घातलंच नाही. त्याने सगळ्या यंत्राला १४.३१८ मेगाहर्ट्झचं एकच घड्याळ (ताल धरणारं सर्किट) दिलं, म्हणजे टीव्हीच्या रंगलहरीच्या बरोबर चौपट. स्क्रीनवरचे ठिपके त्याच्या निम्म्या गतीने निघतात, म्हणजे रंगलहरीच्या दुप्पट. एक ठिपका पेटता आणि एक विझलेला अशी रांग लावली की आपोआप ३.५८ मेगाहर्ट्झची लहर तयार होते. टीव्हीला वाटतं रंग आला. सम जागांवरच्या पेटत्या ठिपक्यांना जांभळा, विषम जागांवरच्यांना हिरवा. शेजारचे दोन्ही पेटवले की पांढरा. आठ बिटांच्या प्रत्येक बाइटमध्ये सात ठिपके असतात आणि आठवा बिट शिल्लक राहतो. तो लावला की ठिपके अर्ध्या घराने सरकतात आणि जांभळ्या-हिरव्याच्या जागी निळा आणि नारिंगी मिळतो. तोही बिट वाया जाऊ दिला नाही!

आता मुलीचे आय. अक्षराचा उभा दांडा एकच ठिपका रुंद. एकट्या ठिपक्याला टीव्ही रंग समजणारच. आणि प्रत्येक अक्षराचं घर सात ठिपक्यांचं, सात विषम, म्हणून पुढच्या अक्षरात तोच दांडा समावरून विषमावर जातो. जांभळा, हिरवा, जांभळा, हिरवा. नुसत्या मजकुराच्या मोडमध्ये यंत्र टीव्हीला रंगाचा इशाराच पाठवत नाही, म्हणून तिथे अक्षरं पांढरी राहतात. चित्र आणि मजकूर एकत्र असताना इशारा बंद करता येत नाही, कारण वरच्या चित्राला तो हवा असतो. १९७७ च्या मूळ ॲपल टूच्या अगदी पहिल्या बोर्डांवर तर इशारा बंद करायची सोयच नव्हती, तिथे सगळाच मजकूर काठाचा दिसे. आठव्या बिटाची सोयही तेव्हा नव्हती, म्हणजे निळा आणि नारिंगी हे रंग नंतरचे.

माझा बोर्ड ठणठणीत आहे. मला त्याचे २२० डॉलर सांगितले होते.

त्या नकाशात आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मला काठापेक्षाही जास्त आवडली. प्रोसेसरची एक फेरी घड्याळाच्या १४ टिक्यांची असते आणि टीव्हीच्या एका ओळीत अशा ६५ फेऱ्या बसतात. १४ गुणिले ६५ म्हणजे ९१०, भागिले ४, म्हणजे ओळीला २२७.५ रंगलहरी. त्या अर्ध्यामुळे एका ओळीवर जांभळं दिसलेलं पुढच्या ओळीवर हिरवं झालं असतं आणि उभी रेघ कधीच एका रंगाची आली नसती. म्हणून दर ओळीतली एक फेरी १४ ऐवजी १६ टिक्यांची केली आहे. आता होतात ९१२, म्हणजे बरोबर २२८ लहरी, आणि सगळ्या ओळी एकाखाली एक जुळतात. रंग सरळ रेषेत यावेत म्हणून दर ओळीला प्रोसेसरला क्षणभर थांबवलंय. दोन टिक्या. तो आकडा समजला त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

मेमरीतही तीच काटकसर. या चिपांमधली माहिती सतत वाचत राहिली नाही तर पुसली जाते, त्यासाठी इतर यंत्रांत वेगळी व्यवस्था असते. इथे फेरीच्या अर्ध्या भागात प्रोसेसर मेमरी वापरतो आणि उरलेल्या अर्ध्यात चित्र काढणारं सर्किट तीच मेमरी वाचतं. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, आणि चित्रासाठी होणाऱ्या त्या वाचण्यातूनच मेमरी ताजी राहते. एका कामात दुसरं काम उरकायचं, हे मी आजीकडे पाहिलंय. भात उकळताना त्याच वाफेवर ती वरणाचं भांडं ठेवायची. किंमत एकच की स्क्रीनच्या ओळी मेमरीत क्रमाने नसतात, उड्या मारत जातात. मशीनच्या भाषेत चित्र काढताना सुरुवातीला डोकं धरायची वेळ येते.

यातलं बरंचसं वॉझ्नियाकने केलं ते एका खेळासाठी. ॲपलच्या आधी त्याने अटारीसाठी ब्रेकआउट नावाचा चेंडू-विटांचा खेळ नुसत्या चिपा जोडून बनवला होता. तोच खेळ बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काही ओळी लिहून करता यावा, रंगीत विटांसकट, अशी त्याची इच्छा होती. रंगाच्या आज्ञा, फिरवायचे पॅडल, स्पीकर, सगळं त्यासाठी. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पहिल्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये मूळ ॲपल टू लोकांसमोर आलं. ४ के मेमरीसह १,२९८ डॉलर, ४८ के हवी असेल तर २,६३८. त्याच वर्षीचं टीआरएस-८० हे दुसरं घरगुती यंत्र मॉनिटरसकट सुमारे ६०० डॉलरला मिळायचं, पण कृष्णधवल. कमोडोर पेटही कृष्णधवलच. इतक्या महागड्या यंत्राला काटकसरी म्हणतोय याचं कुणाला नवल वाटेल, पण किंमत ठरवणारे वेगळे असतात. बोर्डावर एकही चिप उगाच बसलेली नाही, काटकसर ती.

आतापर्यंतचं झालं बारीक ठिपक्यांच्या ग्राफिक्सचं. खालच्या प्रतीच्या, मोठ्या घरांच्या ग्राफिक्समध्ये ४० बाय ४८ घरं आणि १६ रंग मिळतात. मोजायला गेलात तर पंधराच भरतील. ५ आणि १० नंबरचे करडे रंग अगदी सारखे आहेत. बिटांत लिहून पाहा, एक ०१०१ आणि दुसरा १०१०. दोन्हींची लय रंगलहरीच्या दुप्पट, म्हणून टीव्हीला त्यांत रंग सापडतच नाही. मुलीने हे स्वतः शोधलं आणि वहीत लिहून ठेवलं.

बाकीचं थोडक्यात. कीबोर्ड दणकट, पण लहान लिपीची अक्षरं नाहीत, आणि वर-खाली जाण्याचे बाणही नाहीत. पंखा नसल्यामुळे यंत्र अगदी शांत चालतं. डिस्क टू विश्वासू आहे, एका फ्लॉपीवर १४० के बसतात. पण तिची पट्टीची केबल कंट्रोलर कार्डावर लावताना डोळे फाडून बघा. मी एकदा एक घर सरकवून लावली आणि चालू केलं. ड्राइव्हमधली ७४एलएस१२५ ही चिप जळाली. ती सॉकेटमध्येच होती, नवी ८० सेंटला मिळाली.

आता धुराबद्दल. पॉवर सप्लायमध्ये विजेच्या तारेवरचा खरखराट गाळण्यासाठी एक कपॅसिटर असतो. आत कागद, वर पारदर्शक प्लास्टिकसारखं कवच. चाळीस वर्षांत कवचाला तडे जातात, कागद दमट होतो आणि एक दिवस तो पेटून फुटतो. धूर पुष्कळ येतो, पण यंत्राला सहसा काही होत नाही, कारण हा भाग फक्त गाळणीचा. म्हणूनच मुलीचा प्रोग्रॅम चालू राहिला. त्याच दुरुस्तीवाल्याला फोन केला, कारण जवळपास दुसरा कुणी नाही. त्याने न बघता सांगितलं, "सप्लाय फेकून द्या, बोर्डही गेला असेल." मी विचारलं, "तपासल्याशिवाय कसं सांगता?" तर म्हणाला, "एवढ्या जुन्या वस्तूला कोण तपासत बसतं?"

राग आला. अजून गेलेला नाही. हा सप्लाय रॉड होल्ट नावाच्या माणसाने बनवला. घरगुती संगणकांना जेव्हा जाडजूड, तापणारे ट्रान्सफॉर्मर लावत होते तेव्हा त्याने हलका स्विचिंग सप्लाय केला, आणि तो थंड राहतो म्हणूनच पंखा लागला नाही. असा भाग उघडूनसुद्धा न बघता फेकायला सांगायचं?

पिन काढून दिवसभर तसाच ठेवला, मग मल्टिमीटरने आतला साठा उतरल्याची खात्री करून घेतली. ही पायरी कुणीही गाळू नये, आत घातक व्होल्टेज राहू शकतं. जळका कपॅसिटर काढला, मुख्य विजेवर चालणारा एक्स-टू जातीचाच नवा बसवला. खर्च २ डॉलर. बोर्ड जोडण्याआधी पाच, बारा, उणे पाच आणि उणे बारा असे चारही व्होल्टेज मोजले. मंगळवारी रात्री यंत्र पहिल्या झटक्यात चालू झालं.

एकूण खर्च: ३४० यंत्राचे. केबल, कन्व्हर्टर आणि तपासणीचे ८२ पाण्यात. दुरुस्तीचे खरे खर्च ३ डॉलरांच्या आत.

भारतात नेऊ का, असं सांगलीहून धाकट्या भावाने विचारलं. त्याला नको म्हणालो. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीने. तिथे रंगलहर ४.४३ मेगाहर्ट्झची आणि दर ओळीला उलटी फिरणारी. ही ठिपक्यांची युक्ती तिथे लागू पडत नाही, फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीवर चित्र फार तर कृष्णधवल दिसेल. ॲपलनेही युरोपसाठी काढलेल्या यंत्राला रंगासाठी वेगळं कार्ड लागायचं. इथे घेणाऱ्यांना मात्र सांगेन, घ्या, आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधा. सपाट टीव्हीवर यातली निम्मी गंमत दिसत नाही. चालू करण्याआधी तो कपॅसिटर बदलून टाका, धुराची वाट बघू नका.

काठ जावा म्हणून मध्यंतरी हिरव्या पडद्याचा एक मॉनिटर घेऊन ठेवला होता. काल तो घेतला त्याच किमतीला, ६० डॉलरला विकला. त्या पैशांतून मेमरीच्या आठ जादा चिपा मागवल्या आहेत, पुढच्या आठवड्यात येतील.