पहाटे उठायचंय: एकदम उडी मारावी की गजर थोडाथोडा अलीकडे आणावा?

आठला उठणाऱ्याने सहाला उठायचं ठरवलं की दोन रस्ते दिसतात. उद्याच सहाचा गजर लावून मोकळं व्हायचं, नाहीतर दर दोन-तीन दिवसांनी गजर पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणत जायचं. पहिल्यात मर्दुमकी वाटते, दुसरा रटाळ. माझं मत असं, की आधी किती अंतर कापायचंय ते पाहावं. स्वभाव वगैरे नंतर.

एकदम उडी मारण्याचा एक फायदा खरा आहे. पहिल्या दिवशी झोप कमी पडते, दिवसभर झोपेची ओढ साठत जाते आणि रात्री डोळे लवकर मिटतात. पण ही ओढ एकटी झोप ठरवत नाही. मेंदूतलं घड्याळ वेगळं चालतं आणि ते गजराला जुमानत नाही. बहुतेकांमध्ये त्याचा फेरा २४ तासांहून किंचित मोठा असतो, त्यामुळे झोपेची वेळ उशिराकडे ढकलणं सोपं आणि अलीकडे आणणं जड जातं. त्यातून, नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात चिवटपणे जागं असतं. बाराला झोपणारा दहाला आडवा होतो आणि छताकडे बघत बसतो, तो यामुळेच.

खरी मेख उजेडात आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वात खाली जातं. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो; त्याआधी मिळालेला उजेड ते उलट उशिराकडे ढकलतो. म्हणजे रोज दहाला उठणाऱ्याने उद्या पाचला उठून घरभर लख्ख दिवे लावले, तर एवढे कष्ट करून घड्याळ चुकीच्या दिशेला सरकायचं. मोठ्या उडीला माझा विरोध आहे तो मुख्यतः याच कारणासाठी. तास-पाऊण तासाचाच फरक असेल तर मात्र खुशाल उडी मारा. तेवढ्यासाठी कोष्टक आखत बसण्यात अर्थ नाही.

हळूहळूच्या रस्त्यात हा धोका नाही, कारण घड्याळ मागोमाग येत राहतं. दोन तास सरकायला साधारण दोन ते साडेतीन आठवडे जातात. एवढे दिवस धीर धरणं हीच त्यातली अडचण, आणि सुट्टीचा दिवस हा त्याचा शत्रू. सुट्टीला दहापर्यंत लोळलात की घड्याळ पुन्हा लांब जातं आणि आठवड्याची सुरुवात डोळे चोळत होते. सुट्टीलाही गजर तासाभरापेक्षा जास्त सैल सोडू नये.

रस्ता कुठलाही निवडा, पक्की करायची ती उठण्याची वेळ. झोप हुकमाने लागत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. नव्या वेळेला नेमाने उठलात तर झोपेची वेळ काही दिवसांत मागून येते. उठल्यावर घराबाहेर पडा. खोलीतल्या दिव्यांचा उजेड फार तर काहीशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो, तर ढगाळ दिवशीही उजाडल्यावर बाहेर काही हजार लक्स मिळतो. रात्री याच्या उलट, दिवे मंद करा. कॉफीचं म्हणाल तर तिच्यातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या कपातलं निम्मं दहालाही अंगात असतं. एवढं सांभाळलं नाही तर दोन्ही रस्ते सारखेच फसतात.

आणि तिसरा पर्याय, काहीच न बदलण्याचा, तोही मोजणीत धरा. प्रौढ माणसाला निदान सात तास झोप हवी. संध्याकाळची कामं हलणारच नसतील आणि पहाटे उठण्यापायी सातचे साडेपाच तास होणार असतील, तर हा व्यवहार तोट्याचा आहे. घरात तान्हं बाळ असेल किंवा कामाच्या पाळ्या बदलत असतील तर सध्या थांबा. विशीच्या आसपासच्या मुलांचं घड्याळ मुळातच उशिराचं असतं, त्यांना आळशी म्हणू नये. वर्षानुवर्षं तीन-चार वाजेपर्यंत झोपच लागत नसेल तर मात्र गजराशी झुंजत बसू नका आणि मनाने मेलाटोनिनच्या (शरीराला रात्र झाल्याचं कळवणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्याही सुरू करू नका. सरळ झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून न्या, ते त्याच आधी विचारतील.