ॲडमिन पासवर्ड नसताना पायथन: पिपची आपसूक सोय की व्हेन्व?

पासवर्ड नसला म्हणून पिप, म्हणजे पायथनच्या लायब्ररी (तयार कोड) बसवणारं टूल, अडून बसत नाही. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या २०.० आवृत्तीपासून, मुख्य साइट-पॅकेजेसमध्ये, म्हणजे लायब्ररींच्या सामाईक फोल्डरमध्ये, लिहायची परवानगी नसेल तर ते आपणहून यूजर इन्स्टॉलेशनकडे वळतं, म्हणजे फक्त आपल्या लॉगिनच्या फोल्डरमध्ये बसवतं. विंडोजवर फायली ॲपडेटात जातात, लिनक्सवर होममधल्या डॉट-लोकलमध्ये. सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्यासारख्या ऑफिसांत ॲडमिन पासवर्ड ज्याच्याकडे, तो मिरजेहून सवडीने येणार. तिथे ही सोय मोठाच आधार आहे, आणि एकच स्क्रिप्ट चालवायची असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

स्क्रिप्टा दोन झाल्या की भानगड सुरू होते. माझी जुनी स्क्रिप्ट हळदीच्या सौद्यांच्या एक्सेल फायली एकत्र करायची, पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीतल्या अपेंडवर, म्हणजे एका तक्त्याखाली दुसरा जोडणाऱ्या आज्ञेवर. नव्या कामासाठी एक लायब्ररी घेतली. तिला पांडाज २ हवं होतं, पिपने ते परस्पर चढवलं. डेटाफ्रेमचं, म्हणजे पांडाजच्या तक्त्याचं, अपेंड २.० मध्ये काढूनच टाकलंय. झालं, हळदीची स्क्रिप्ट बंद! तिच्या फोल्डरमध्ये एका अक्षराचा बदल नाही, म्हणून मी एक्सेल फायलीच तपासत बसलो. यूजर इन्स्टॉलेशनचा मला खरा वैताग आला तो इथे. दुखणं एकीकडे, कारण भलतीकडेच. एका लॉगिनला पायथनच्या एका आवृत्तीमागे असा फोल्डर एकच, आणि शोधताना तो सामाईक फोल्डरच्या आधी लागतो. ॲडमिनने मशीनवर जुनं पांडाज नीट बसवलेलं असलं तरी पुढे येतं ते आपलंच नवं. एका लॉगिनवर तिघं काम करत असतील तर विचारूच नका.

व्हेन्व, म्हणजे एका कामापुरतं वेगळं पायथन ठेवणारा फोल्डर, त्या यूजर फोल्डरकडे मुळात बघतच नाही. प्रत्येक कामाच्या लायब्ररी वेगळ्या, आणि पासवर्ड इथेही लागत नाही. नखरे आहेत, नाही असं नाही. विंडोजवर पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) बहुधा ॲक्टिव्हेटची, म्हणजे व्हेन्व चालू करायची, स्क्रिप्ट अडवतं. मी ॲक्टिव्हेट करायच्या फंदातच पडत नाही, व्हेन्वमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता बॅच फाइलमध्ये लिहून टाकतो. फोल्डर हलवला की आतले पत्ते चुकतात, त्यामुळे पेनड्राइव्हवर रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लायब्ररींच्या यादीची, फाइल न्यावी आणि तिकडे नवा व्हेन्व बनवावा. डिस्कवर जागा दरवेळी नव्याने जाते, हे खरं.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच: डेबियन १२ मध्ये सिस्टिमच्या पायथनवर पिप यूजर इन्स्टॉललाही नकार देतं आणि व्हेन्वकडे बोट दाखवतं. व्हेन्वचं पॅकेज मशीनवर नसेल तर मात्र ॲडमिनला गाठावंच लागतं.

कुणाचं काम कसं, त्यावर आहे. पीडीएफ जोडायचं एक फुटकळ टूल मीही अजून यूजर इन्स्टॉलवरच ठेवलंय, कुरकुर नाही. पण जिच्यावर शेतकऱ्याची पट्टी निघते, ती स्क्रिप्ट मी आता व्हेन्वबाहेर चालवत नाही.