क्यूईएमयूचा सीरियल कन्सोल: चांगला आहे, पण त्याचे लाड किती करायचे?

क्यूईएमयू, म्हणजे संगणकाची नक्कल करणारा एम्युलेटर, १६५५०ए यूएआरटीची (सीरियल पोर्टच्या जुन्या चिपची) नक्कल करतो, आणि बऱ्यापैकी चोख. आतल्या लिनक्स कर्नलला 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' (टीटीवायएस० म्हणजे पहिला सीरियल पोर्ट) हा पर्याय दिला की बूटचे संदेश अगदी सुरुवातीपासून दिसतात. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम, लॉगिन प्रॉम्प्टही आपोआप उभा करतो.

खटकते ती गती. खऱ्या चिपला एक अक्षर बाहेर पाठवायला वेळ लागतो, नकली चिप ते लगेच गिळते. त्यामुळे लिनक्सच्या ८२५० ड्रायव्हरचा (या चिप हाताळणाऱ्या कोडचा) इंटरप्ट लूप, म्हणजे चिपने हाक मारली की काम उरकणारी फेरी, ठरलेली मर्यादा ओलांडायचा आणि 'टू मच वर्क फॉर आयआरक्यू४' असा संदेश लॉगमध्ये सारखा यायचा. बिघाड कसलाच नव्हता. पुढे कर्नलमधून तो संदेशच काढला, आणि ते योग्यच झालं, कारण त्याने खऱ्या हार्डवेअरचं काही बिघडत नाही. पण नकली चिप रजिस्टरची चुकीची स्थिती दाखवत असेल, तर दुरुस्ती एम्युलेटरमध्येच व्हायला हवी. ड्रायव्हरमध्ये घुसवलेली अशी प्रत्येक सवलत पुढे वर्षानुवर्षं सांभाळावी लागते, आणि ती तपासायला जुनी चिप कुणाकडे असते?

दुसरी अडचण खिडकीच्या आकाराची. सीरियल लाइनवरून तो पोहोचतच नाही, म्हणून व्हीआय या एडिटरमध्ये ओळी एकमेकींवर चढतात. ओळी आणि रकाने हाताने सांगायला 'stty rows 50 cols 160' चालवा.

व्हर्टआयओ कन्सोल (खऱ्या चिपची नक्कल न करता खास आभासी मशीनसाठी बनवलेला), म्हणजे एचव्हीसी०, जास्त कार्यक्षम आहे, पण ड्रायव्हर चढेपर्यंत मुका. म्हणून कर्नलला दोन्ही कन्सोल द्या. शेवटी लिहिलेला मुख्य कन्सोल ठरतो, तेव्हा टीटीवायएस० शेवटी ठेवा.