लेकीसाठी फोर-टेनमध्ये टीएसएस काडतुसं: थंडीपासून मेपर्यंत वापरून झाल्यावर

आम्ही अमेरिकेत मिसूरी राज्यात राहतो. इथे वसंतातला टर्की पक्ष्याच्या शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आधी 6 ते 15 वयाच्या मुलांसाठी वेगळा वीकएंड असतो, लेकीला यंदा जायचंच होतं, त्यामुळे काडतुसांचा शोध थंडीतच सुरू केला.

दुकानात सरळ 20 गेजची (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी मोठी) यूथ मॉडेल बंदूक आणि तीन इंची शिशाचा टर्की लोड, म्हणजे टर्कीसाठी भरलेलं काडतूस, दाखवतात. पण लहान मुलांची बंदूक वजनाला हलकी, आणि बंदूक हलकी तितका धक्का जास्त, म्हणजे तो लोड त्यात खांदा सडकून काढतो! म्हणून आम्ही फोर-टेन (त्याहून बारीक नळीची, .410 इंची छर्‍याची बंदूक) घेतली आणि फेडरल कंपनीचं तीन इंची टीएसएस, म्हणजे टंगस्टनच्या छर्‍यांचं काडतूस: 9 नंबरचे छर्रे (नंबर मोठा तितका छर्रा बारीक), 13/16 औंस, वेग सेकंदाला 1100 फूट. टंगस्टनची घनता 18 च्या आसपास, शिशाची 11, म्हणून एवढुसा छर्रापण आत घुसतो आणि एका काडतुसात तीनशेच्या जवळपास मावतात. 12 गेजच्या साडेतीन इंची काडतुसात दोन औंस शिसं असतं, यावरून धक्क्यातला फरक बघा.

टाइट टर्की चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या टोकाला लावायची अरुंद नळी) लावून 30 यार्डावर कागदावर मारलं तर दहा इंची गोलात शंभराच्या वर छर्रे मोजले, टर्कीच्या मानेवर नेम धरतात, त्यासाठी भरपूर झालं. 30 यार्डाच्या पुढे मी तिला मारू देत नाही.

महाग आहे, एकेक काडतूस आठ-दहा डॉलरला पडतं. म्हणून सराव सगळा अडीच इंची, अर्ध्या औंसाच्या साध्या टार्गेट लोडवर, आणि टीएसएस फक्त नेम कुठे लागतो ते बघायला, कारण दोन्ही एकाच जागी लागतील असं नाही. सराव करताना मध्येच तिला न सांगता डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस भरायचो. ट्रिगर दाबताना नळीचं टोक खाली गेलं की समजायचं पोर धक्क्याला बिचकतंय, मग तिथेच थांबायचं. हिचं टोक मार्चपर्यंत एकदम स्थिर झालं, मला फार बरं वाटलं.

कानाला मफ्स मात्र पहिल्या बारापासून हवेतच, अर्धी भीती आवाजाचीच असते. आणि काही राज्यांत टर्कीला फोर-टेन चालत नाही, छर्‍याच्या साइझचे नियमपण वेगळे (मिसूरीत 4 नंबरच्या छर्‍यापेक्षा जाड छर्रा नको), तिथे 20 गेजमध्येच कमी वजनाचा टीएसएस लोड बघा आणि बंदूक जरा जड घ्या.