हेलसिंकीची ओडी लायब्ररी : आधी लोकांना विचारलं, मग बांधली

हेलसिंकीला कोणी येणार असेल तर चर्च, बंदर वगैरे मी नंतर सांगते, आधी ओडी बघून या म्हणते. सेंट्रल स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर, फिनलंडच्या संसदेच्या बरोब्बर समोर, मध्ये फक्त एक मोठ्ठा मोकळा चौक. आत जायला तिकीट नाही, कार्ड नाही, दारात रजिस्टरमध्ये नाव-गाव लिहा असलं काही नाही. सरळ आत जायचं आणि बसायचं.

बिल्डिंग देखणी आहेच, फोटो नेटवर ढिगाने सापडतील. मला सांगायचंय ते हे की ओडी उघडली ५ डिसेंबर २०१८ ला, पण लोकांना विचारायला सुरुवात झाली ती डिझाइन निवडायच्याही आधी. २०१२ मध्ये "स्वप्नांचं झाड" घेऊन लायब्ररीवाले शहरभर फिरले, तुम्हाला नवीन लायब्ररीत काय हवंय ते लिहा आणि झाडावर लटकवा, अशी दोन हजारांच्या वर स्वप्नं गोळा झाली. आणि नुसतं सूचनापेटीसारखं नाही हं, १ लाख युरो बाजूला काढून ते कुठल्या प्रयोगांवर खर्चायचे हेही लोकांना ठरवू दिलं. हे मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण हातात पैसे दिले की माणूस हवेत बोलत नाही, खरंच काय लागतं त्याचा विचार करतो. त्याच सुमाराला डिझाइनची खुली स्पर्धा चालू होती, जगभरातून ५४४ एन्ट्र्या आल्या, २०१३ मध्ये एएलए आर्किटेक्ट्स जिंकले. नावसुद्धा लोकांनी सुचवलेल्यातनंच निवडलंय.

आणि हे सगळं आत गेल्यावर दिसतं. मधला मजला बघा, शिलाई मशीन, ओव्हरलॉक, थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओ, गेमिंगच्या खोल्या, चक्क बुक करून वापरता येईल असं किचन! लायब्ररीत शिलाई मशीन कशाला असं आपल्याकडे कुणीही विचारेल, पण इथे भाड्याच्या छोट्या घरात राहणाऱ्या माणसाकडे मशीन ठेवायला जागा कुठे असते? सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना सहज दाखवायला नेलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी माझे तीन ब्लाउज बरोबर घेतले, तिथे बसून उसवून परत फिटिंग करून दिले, आणि शेजारच्या मशीनवरच्या फिनिश आजींशी दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना तासभर गप्पा मारल्या. मशीन वापरायला पैसे लागत नाहीत, प्रिंटिंगबिंटिंगला फक्त मटेरियलचे लागतात.

वरचा मजला पुस्तकांचा. पांढरं छत, दोन्ही टोकांना चढत जाणारी जमीन, कुंड्यांमध्ये खरी झाडं, आणि बाहेर गच्चीवर उभं राहिलं की समोर संसद. लहान मुलांचा भाग याच मजल्यावर आहे, वेगळ्या खोलीत कोंडलेला नाही, त्यामुळे बाबागाड्या, रांगणारी पोरं, आवाज, सगळं आहे. मला हे फार बरोबर वाटतं. पण ज्यांना पिनड्रॉप शांतता हवी त्यांना इथे रमायला जड जाईल हेही खरं. पुस्तकं साधारण १ लाख आणि पुस्तकांना जागा एकूण बिल्डिंगच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच, त्यामुळे एखादं दुर्मीळ शोधत आलात तर कपाटात मिळेलच असं नाही. हेलसिंकी, एस्पो, व्हांता, काउनिआइनेन या चारही गावांच्या लायब्ऱ्यांचं कार्ड एकच आहे, तेव्हा पुस्तक मागवून घ्यायचं आणि घराजवळच्या शाखेतनं उचलायचं. माझ्या मते ही तडजोड योग्यच आहे, पुस्तकं शहरभर आहेत, एवढी मोकळी फुकट जागा मात्र दुसरीकडे नाही.

हिंडताना आपल्याकडच्या वाचनालयांची फार आठवण येते. आपल्याकडे शंभर-शंभर वर्षं जुनी वाचनालयं आहेत, १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदान आहे, नेमाने येणारे वाचक आहेत. पण नूतनीकरण निघालं की कार्यकारिणीची मीटिंग होते, कंत्राटदार येतो, टाइल्स आणि फॉल्स सीलिंग होतं, उद्घाटनाची कोनशिला लागते. रोज सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा, घरी जागा नाही म्हणून अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची पोरं, दिवाळी अंकांसाठी नंबर लावणाऱ्या काकू, यांना कोणी विचारतं का की बाबा तुम्हाला उजेड कुठे कमी पडतो, चार्जिंगचा पॉइंट कुठे हवा, बायकांचं टॉयलेट धड आहे का? याला काही युरो लागत नाहीत, एक वही आणि महिनाभराचा वेळ पुरतो.

जाणार असाल तर शनिवार-रविवार दुपार टाळा, गर्दी असते. मशीन किंवा स्टुडिओ हवा असेल तर आधी ऑनलाइन बुक करा. आणि गोल काळ्या जिन्याने एकदा तरी चढा, ही लायब्ररी कोणाकोणासाठी आहे ते त्याच्या भिंतीवर शेकडो शब्दांत लिहिलंय. पाचपैकी पाच.